लोणीहून खोडदला

लोणी म्हटले की पुणेकरांना लोणी काळभोर आठवते आणि नगरकडच्या मंडळींना प्रवरेच्या साखर कारखान्याचे लोणी. आमचे लोणी या दोहोंहून धाकटे व अप्रसिद्ध. आंबेगाव तालुक्याच्या पूर्व अंगाला, बेल्हे-जेजुरी रस्त्यावर, धामणीच्या खंडोबाच्या शेजारी ते वसले आहे. तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकराच्या डोंगरात पाऊस कोसळतो, डिंभ्याचे धरण भरते. आमच्या माळापर्यंत येईतो तोच पाऊस दमून गेलेला असतो. वडिलांचे येथे किराणा दुकान होते. उधारीची वही पावसाच्या मानाने फुगे आणि सुके. हिशेबाचा पहिला धडा मला त्या वहीने दिला; एम. कॉम. पुष्कळ नंतरचे.

छत्तीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीनंतर आता हिवाळ्याचे तीन-चार महिने आम्ही उभयता लोणीच्या जुन्या घरी काढतो. २०२५च्या फेब्रुवारीत महाशिवरात्रीच्या सुटीला जोडून चिरंजीव रजा काढून आले. बरोबर सूनबाई आणि दोन नातवंडे. थोरली नात नऊ वर्षांची, धाकटा नातू सहाचा. दोन दिवस विहीर, चिंचेचे झाड, शेजारची वासरे यांत बरे गेले. तिसऱ्या दिवशी दोघांनीही आपापला मोबाइल-खेळ काढला आणि घर असूनही घर रिकामे वाटू लागले.

तो दिवस २८ फेब्रुवारीचा, राष्ट्रीय विज्ञान दिनाचा. १९२८ साली याच तारखेला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा आपला शोध जाहीर केला. म्हणून हा दिवस. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जी.एम.आर.टी., एरवी शुक्रवारी व आधी परवानगी घेतली तरच पाहावयास मिळते. विज्ञान दिनाला मात्र तिचे फाटक सर्वांना खुले असते आणि परिसरातील शाळा-महाविद्यालयांचे विज्ञान प्रदर्शनही तेथे भरते. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आज मुलांना खोडदला नेऊ या."

मी लगेच हो म्हटले नाही. त्याला दोन कारणे होती.

पहिले कारण जुने आहे. १९९४-९५च्या सुमारास मी याच भागातील एका शाखेत होतो. तेव्हा खोडदच्या माळावर पोलादी नळ्यांचे सांगाडे उभे राहत होते आणि कर्जदारांच्या तोंडी त्यांच्याविषयी नाना तर्क असत. कोणी म्हणे पाऊस पाडण्याचे यंत्र आहे, कोणी म्हणे पाऊस पळवण्याचे. आमचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. एस.टी.च्या खिडकीतून त्याने एक ताटली पाहिली आणि हट्ट धरला. "पुढच्या रविवारी नेईन," मी म्हणालो. पुढच्या रविवारी सहामाहीचे काम निघाले. त्याच्या पुढच्या रविवारी ऑडिट. मग बदली झाली. मुलगा मागायचा थांबला, ते माझ्या ध्यानातही आले नाही. बँकेत दोन वर्षे हालचाल नसलेल्या खात्याला आम्ही काय म्हणतो, हे ठाऊक असलेल्या माणसाने अधिक सांगावे असे नाही.

दुसरे कारण ताजे होते. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा सुमारे २३५ किलोमीटरचा आराखडा चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा आखला गेला होता. खोडदच्या दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून तो मार्ग मागे पडला आणि दुसऱ्या वाटेचा विचार सुरू झाला, अशा बातम्या त्या हिवाळ्यात सारख्या येत होत्या. लोणीच्या पारावर दुसरा विषय नव्हता. माझे एक शाळासोबती, जन्मभर ज्वारी-बाजरी पिकवणारे, आदल्याच दिवशी म्हणाले होते, "शेठ, त्या ताटल्यांनी आपली रेल्वे खाल्ली. त्यांचं ऐकून पोट भरतं का कुणाचं?" मी त्यावर मान हलवली होती. खरे सांगायचे तर मनातून मीही त्यांच्याच बाजूचा होतो. मंचरला गाडीत बसून पुण्यास नातवंडांकडे जावे, असे स्वप्न मीही पाहिले होते.

तरी दुपारी अडीच वाजता आम्ही निघालो. डब्यात ठेपले, कोरडी चटणी आणि खाकरा घेतला. कारण परतताना सूर्यास्त वाटेतच होणार आणि आमचे जेवण त्याआधी उरकते. धामणी मागे टाकली, पारगावच्या बाजूला उसाच्या गाड्यांची रांग लागली. भीमाशंकर कारखान्याच्या मळीचा वास गाडीत शिरला तेव्हा मुलांनी नाके दाबली आणि आजीने "हाच वास घरात पैसा आणतो रे" असे सुनावले. घोड नदी ओलांडली की शिवार बदलते. आमच्याकडील उजाड माळाच्या जागी ऊस, द्राक्षबागा, कांदा, टोमॅटो. एकाच तालुक्याच्या दोन कडा, पण पाण्याने त्यांच्यात केवढे अंतर पाडले आहे! असो.

नारायणगावच्या अलीकडे मुलांना पहिली ताटली दिसली. शेतात, एकटी, आकाशाकडे तोंड करून. धाकटा ओरडला, "केवढी मोठी डिश! यांच्याकडे किती चॅनेल लागत असतील?"

येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण मोठी माणसेही गल्लत करतात. नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ पासून विक्रम उपग्रह भूकेंद्र आहे. तीही ताटलीच, परंतु ती उपग्रहाशी बोलते, संदेश पाठवते आणि घेते. खोडदची ताटली कोणाशी बोलत नाही. ती फक्त ऐकते.

फाटकावर आम्हांस पहिली सूचना मिळाली ती मोबाइल बंद करण्याची. आवाज बंद नव्हे, फोनच बंद. नातीने तोंड वाकडे केले. तेथे मार्गदर्शन करणाऱ्या तरुणाने तिला विचारले, "समजा, तुझा हा फोन कोणी चंद्रावर नेऊन ठेवला, तर इथल्या दुर्बिणीला तो कसा दिसेल?" तिने खांदे उडवले. तो म्हणाला, "आकाशातल्या सर्वांत तेजस्वी वस्तूंपैकी एक. आम्ही जे ऐकतो ते याहून कितीतरी क्षीण असतं. मग हा फोन चंद्रावर नसून तुझ्या हातात असला तर?" तिने फोनकडे एकदा पाहिले आणि मुकाट्याने बंद केला. चिरंजिवांनी आपला बंद केला, तेव्हा कार्यालयाचे दोन निरोप अर्धे वाचलेले होते.

पुढचे दोन तास मी माझ्या नातवंडांना मोबाइलविना पाहिले.

जवळून पाहिल्यावर पहिले आश्चर्य हे की ताटली भरीव नाही. ४५ मीटर व्यासाची ही थाळी, म्हणजे तिच्यात आमच्या लोणीच्या घरासारखी कित्येक घरे मावतील. पण तिचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून बारीक पोलादी तारेच्या जाळीचा आहे. आतल्या बाजूस जाळीचे डोळे दहा मिलिमीटरचे, कडेकडे वीस मिलिमीटरचे. जाळीतून पलीकडचे आभाळ दिसते, वारा आरपार जातो. ही युक्ती प्रा. गोविंद स्वरूप यांची. दुर्बिणीला ऐकावयाच्या असतात त्या लहरी काही सेंटिमीटर नव्हे, तर हातभर ते पुरुषभर लांबीच्या. एवढ्या लांब लहरीला एवढेसे भोक दिसतच नाही, ती जाळीवरून आरशासारखी परावर्तित होते. मग भरीव पत्र्याचे वजन आणि खर्च कशाला? ताणलेल्या दोरांवर जाळी बसवावी, सांगाडा हलका राहतो, वाऱ्याचा दाब कमी होतो आणि तेवढ्याच पैशांत अनेक ताटल्या होतात. काटकसर ही दारिद्र्याची खूण नसून बुद्धीची असू शकते, हे मी कर्जमागणीचे प्रस्ताव तपासताना नवख्या अधिकाऱ्यांना सांगत असे. त्याचा एवढा भव्य दाखला मला निवृत्तीनंतर पाहावयास मिळाला.

स्वरूप यांनी याआधी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली होती, १९७० साली. खोडदची जागा निवडताना पुण्याशी असलेली जवळीक, भोवतालच्या डोंगरांची आडोशासारखी रचना आणि मुख्य म्हणजे येथली रेडिओ-शांतता पाहिली गेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने हा प्रकल्प उभा केला आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला. म्हणजे माझ्या मुलाने हट्ट धरला तेव्हा तो अजून बांधकामावस्थेत होता, ही मी स्वतःची समजूत घालण्यासाठी शोधून काढलेली सबब. मुलाला बांधकामच पाहायचे होते.

धाकटा मात्र हिरमुसला होता. बराच वेळ त्याने काही शोधले आणि मग हळूच माझा सदरा ओढला. "आजोबा, डोळा कुठे लावायचा?"

दुर्बीण म्हणजे नळी, नळीला भिंग, भिंगाला डोळा. त्याचे काय चुकले? मार्गदर्शक तरुण इतर मुलांत गुंतलेला होता, म्हणून उत्तर मलाच द्यावे लागले. मी माझ्याच भाषेत दिले. अशा एकूण तीस ताटल्या आहेत. चौदा येथे, सुमारे एक चौरस किलोमीटरच्या आत. उरलेल्या सोळा तीन दिशांना तीन रांगांत गेलेल्या, इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या. दोन टोकांच्या ताटल्यांत २५ किलोमीटरपर्यंत अंतर पडते. त्या म्हणजे तीस शाखा. प्रत्येक शाखा आपल्याकडे आलेली नोंद काचतंतूंच्या तारेने मुख्य कार्यालयास पाठवते. एकट्या शाखेच्या नोंदीवरून फारसे काही कळत नाही. पण मुख्य कार्यालयात प्रत्येक शाखेची नोंद दुसऱ्या प्रत्येक शाखेच्या नोंदीशी ताडून पाहतात. अशा जोड्या होतात ४३५. लहर एका ताटलीवर आधी पोचली, दुसरीवर किंचित उशिरा. त्या उशिरावरून ती कोठून आली ते कळते. सगळा ताळा जमला की चित्र तयार होते, आणि ते इतके बारीक, जणू २५ किलोमीटर रुंदीची एकच ताटली असावी.

"म्हणजे डोळा कॉम्प्युटरला," तो म्हणाला.

त्याने माझे पाऊण मिनिटांचे व्याख्यान तीन शब्दांत आटोपले.

प्रदर्शनाच्या मंडपात गर्दी होती आणि धूळही. पवनचक्क्या, ठिबक सिंचन, सौर चूल, ज्वालामुखी. दरवर्षीचे ओळखीचे नमुने. त्यांत एका ग्रामीण विद्यालयाच्या आठवीतील मुलीने बिबट्याला गोठ्यापासून दूर ठेवण्याचे यंत्र मांडले होते. जुन्नर-आंबेगावात बिबट्या हा धड्यातला प्राणी नाही; ऊस वाढला की तो अंगणापर्यंत येतो. कुंपणाच्या तारेला धक्का लागला की दिवे लागतात आणि भोंगा वाजतो, एवढीच रचना. पण तिने बॅटरी कोणती, तार किती, खर्च किती, आणि "भोंग्याची सवय झाली की बिबट्या घाबरायचा थांबतो, म्हणून आवाज बदलता ठेवलाय" हे ज्या आत्मविश्वासाने सांगितले, ते ऐकताना आमची इंग्रजी माध्यमाची नात तोंड उघडे टाकून उभी होती. तिने नंतर विचारले, "ही मराठीत सायन्स शिकते?" मी म्हणालो, "ती सायन्स करते." सूनबाई हसल्या. माझ्या वाक्यात थोडा टोमणा होता, हे कबूल करतो.

बाहेर मैदानावर एक ताटली वळत होती. पहिल्यांदा ते ध्यानातच येत नाही. मग तिची सावली जमिनीवरून सरकताना दिसते आणि अंगावर काटा येतो. मिनिटाला वीस-तीस अंश, आवाज जवळजवळ नाही. मिनिटभरात तिच्या मागे बाकीच्याही वळलेल्या दिसल्या. कोणी आज्ञा केली असेल, कोठे पाहावयाचे ठरले असेल, आम्हांस काही ठाऊक नव्हते. चिरंजीव माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "बाबा, हेच पाहायचं होतं मला." आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. मी म्हणालो, "उशीर झाला." ते म्हणाले, "आलो ना." आणि धाकट्याला खांद्यावर घेऊन पुढे गेले.

पाच वाजता बाहेर पडलो. नारायणगावात द्राक्षे घेतली आणि परतीच्या वाटेवर, शेतातील एका ताटलीपासून थोड्या अंतरावर, बाभळीखाली डबा उघडला. सूर्य मावळतीला टेकला होता. बांधापलीकडे कांद्याला पाणी देणारे एक गृहस्थ आमच्याशी बोलायला आले. मी त्यांना रेल्वेचे विचारले. त्यांनी पारावरचेच उत्तर दिले, फक्त अधिक शांतपणे. "जमिनी गेल्या त्यांच्या गेल्या. आता कारखाना आणायचा तर परवानगी, रेल्वे तर नाहीच. ही बाई झोपेतून उठू नये म्हणून साऱ्या गावानं पाय न वाजवता चालायचं." पुढे त्यांनीच भर घातली, "पण माझा नातू त्यातच इंजिनिअर व्हायचं म्हणतो."

गाडी चालू झाल्यावर मला वडिलांच्या दुकानातील मर्फी रेडिओ आठवला. मळ्यातल्या विहिरीवरील मोटारीचे बटण कोणी दाबले की दुकानात बातम्यांमध्ये खर्र्‌कन आवाज उमटे. ठिणगी पडली की रेडिओ-लहर निर्माण होते. विजेच्या तारेवर घासत धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्यांचे तेच. तेव्हा वडील गिऱ्हाइकाला म्हणत, "मोटार चालू झाली वाटतं." म्हणजे दुर्बिणीची तक्रार काही परग्रहावरची नाही, आमच्या दुकानातलीच आहे. ती अडवणूक नाही, हे मला त्या क्षणी पटले. परंतु शाळासोबत्यांचा प्रश्न त्याने मिटत नाही. या दुर्बिणीने २००४ साली जाहीर केलेला ताऱ्याचा शोध असो, की ८८० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपला सूर्य जन्मण्याच्याही आधी, एका दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची लहर टिपल्याची २०२३ची बातमी असो, ते सारे जगाच्या खात्यावर जमा झाले. नावे मात्र पडले ते जुन्नर-आंबेगावच्या खात्यावर. एका शाखेत जमा आणि दुसरीत नावे, असा व्यवहार मी कधी तसाच सोडला नसता.

ती रक्कम कशी वळती करावी? माझ्यापुरते उत्तर मला त्या मंडपात दिसले होते. तेथील शास्त्रज्ञ मंडळी मुलांसाठी मनापासून झटतात. परंतु वर्षातील विज्ञान दिन आणि परवानगीचे शुक्रवार हे बिबट्याचे यंत्र करणाऱ्या मुलीला पुरे पडणारे नाहीत. मुंबईच्या मुलांना वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे, चिंचवडला सायन्स पार्क आहे. आमच्या दक्षिणेस पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि खेड्यातील मूल हातांनी शिकते हे दाखवून दिले. ज्या शिवाराने पाय न वाजवता चालण्याचे मान्य केले, त्या शिवारातील मुलांना रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर शिरता येईल असे एक मोठे दार हवे, फी नसलेले, आणि तेथवर एस.टी. जाणारी. रेल्वेच्या मानाने ही मागणी फारच स्वस्त आहे. पारावर मी ती मांडली तेव्हा शाळासोबती म्हणाले, "शेठ, रेल्वेच्या बदल्यात शाळा घेताय." त्यांचे समाधान झाले नाही. माझेही पुरते झालेले नाही.

लोणीस पोचलो तेव्हा अंधार पडला होता. उसाच्या कडेने येताना चिरंजिवांनी गाडीच्या काचा वर घेतल्या होत्या, बिबट्यासाठी. जेवण झालेलेच होते. आम्ही सारे गच्चीवर गेलो. अमावास्या नुकतीच उलटलेली, चंद्राचा पत्ता नव्हता. पश्चिमेस शुक्र असा झळकत होता की नातीला ते विमान वाटले. डोक्यावर रोहिणीजवळ गुरू, पूर्वेकडे पुनर्वसूच्या शेजारी तांबूस मंगळ. दक्षिणेकडे मृगाच्या खाली मी बोट दाखवले. "तिथे, जिथे काहीच दिसत नाही, तिथे ताऱ्यांचा एक गोल पुंजका आहे. सुमारे चाळीस हजार प्रकाशवर्षे दूर. त्यातला एक तारा सेकंदाला दोनशे गिरक्या घेतो, असे खोडदच्या ताटल्यांनी ऐकले. तोच २००४ सालचा शोध."

"सेकंदाला दोनशे?" नातीने हाताने एक गिरकी घेऊन पाहिली.

धाकट्याने विचारले, "आत्ता पण ऐकत असतील त्या?"

"रात्रंदिवस ऐकतात."

लांब कोणाच्या तरी विहिरीवर मोटार सुरू झाली. त्याने दचकून तिकडे पाहिले, मग ओठांवर बोट ठेवले आणि आम्हा सर्वांना गप्प बसवले. आम्ही बसलो. खालून आजीने हाक मारली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते, आणि चिरंजिवांचा फोन अजून बंदच होता.